'चा' आणि स्वामित्व : इंग्रजी व्याकरणातून आलेल्या एका नावाची चिकित्सा

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत नामाचे एक रूप 'पझेसिव्ह' या नावाने शिकवले जाते आणि त्याचे मराठीकरण 'स्वामित्वदर्शक' किंवा 'मालकी दाखवणारे' असे केले जाते. नामाला 'स' जोडला की मालकी दिसते, सर्वनामाचे 'माय', 'युअर', 'हिज' झाले की मालकी दिसते, एवढे सूत्र विद्यार्थी पाठ करतो. हे सूत्र इंग्रजीच्या वर्गातच राहिले असते तर आम्हांस त्याविषयी फारसे काही म्हणावयाचे नव्हते. परंतु तोच विद्यार्थी पुढे मराठीच्या वर्गात येतो, तेथे त्याला चा-ची-चे भेटतात आणि तो निःशंकपणे सांगतो की षष्ठी म्हणजे मालकी. पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतूनही हे विधान आढळते. ते चुकीचे आहे एवढे सांगून भागणार नाही. ते कोठून आले, इंग्रजीपुरते तरी ते कितपत खरे आहे, आणि मराठी भाषा मालकीची गोष्ट प्रत्यक्षात कोठे व कशी बोलते, हे पाहणे अगत्याचे आहे.

उदाहरणांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या कसबा पेठेत दोन गणपती प्रसिद्ध आहेत. त्यांतील एक ग्रामदैवत, म्हणजे कसब्याचा गणपती. आणि दुसरा, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेला, गुंडाचा गणपती. कसब्याच्या गणपतीला उत्सवात अग्रमान आहे, म्हणून तो मानाचा गणपती. नारायण पेठेत गेले की मातीचा गणपती आहे. देव एकच, प्रत्यय एकच, आणि संबंध मात्र चार. गुंड हे आडनाव आहे (बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना या नावाचे जे कुतूहल वाटते ते अकारण आहे), म्हणून पहिल्या नामात व्यक्तीशी वा घराण्याशी असलेला संबंध दिसतो. 'कसब्याचा' यात स्थळ आहे, 'मातीचा' यात द्रव्य आहे, आणि 'मानाचा' यात मूर्तीला मिळणारा अधिकार आहे. मान गणपतीचा मालक नव्हे. उलट मान हाच गणपतीकडे आहे. मालकीच्या सूत्रात यांतील एकही नाम सुखाने बसत नाही. गुंडाचा गणपतीसुद्धा नाही, कारण देवाची मालकी ही कल्पना भाविकाला आणि कायदेपंडितालाही सारखीच अडचणीची आहे.

प्राचीन वैयाकरणांना ही अडचण आली नाही, याचे कारण त्यांनी षष्ठीला मालकीचे नाव कधी दिलेच नाही. पाणिनीने षष्ठी ही कारकविभक्ती मानली नाही. कर्ता, कर्म, करण इत्यादी क्रियेशी जोडलेले संबंध ज्यांना त्यांना वाटून दिल्यावर जे संबंध उरतात त्यांच्यासाठी त्याने षष्ठी ठेवली. पतंजलीने तर षष्ठीचे अर्थ एकशेएक आहेत असे म्हणून ठेवले आहे. ही संख्या कोणी मोजून पाहावी अशी त्याची अपेक्षा नसावी. स्वामी आणि स्व हा संबंध त्या अनेकांतील केवळ एक, एवढेच त्याला सुचवावयाचे असावे. मराठी व्याकरणकारांनी विभक्तींची आठ घरे संस्कृतातून घेतली तेव्हा षष्ठीचा 'संबंध' हा अर्थही त्यांच्याबरोबर आला, आणि तो पुष्कळच शहाणपणाचा होता.

मग मालकी आली कोठून? 1795 साली लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढील आवृत्त्यांत नामाच्या तीन विभक्ती सांगितल्या होत्या आणि मधल्या विभक्तीचे नाव 'पझेसिव्ह' होते. हे पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत आणि इंग्रजी शिक्षण जेथे जेथे गेले तेथे दीर्घकाळ शिकवले गेले. दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली निघाले. त्याच्या मांडणीवर मरेच्या पद्धतीची छाया आहे, हे अभ्यासकांनी वेळोवेळी नोंदवलेले आहे. तथापि दादोबांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे संस्कृताचा आठ घरांचा पट आणि इंग्रजीचा तीन घरांचा पट असे दोन्ही होते, आणि त्या दोहोंतून मराठीची वाट काढण्याचे काम त्यांनी प्रथम केले. दोष द्यावयाचाच तर तो नंतरच्या त्या शालेय परंपरेला द्यावा लागेल, जिने इंग्रजी पारिभाषिक शब्दाचे भाषांतर केले आणि भाषांतरालाच व्याख्या मानले.

येथे एक विस्मृत नाव सांगणे जरूर आहे. मरेच्या सुमारे एकशेचाळीस वर्षे आधी, 1653 साली, जॉन वॉलिस याने इंग्रजी भाषेचे एक व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. वॉलिस हा मूळचा गणिती. अनंताचे जे चिन्ह आज शाळेत शिकवले जाते ते त्यानेच प्रचारात आणले. इंग्रजी नामाला विभक्ती आहेत हे त्याने मान्य केले नाही. 'स' लागलेल्या रूपाला त्याने विशेषण मानले आणि त्याला स्वामित्ववाचक विशेषण असे नाव दिले. शिवाय त्याने आणखी एक प्रकार सांगितला. एखादे नाम कोणताही प्रत्यय न घेता दुसऱ्या नामापुढे येते आणि विशेषणाचे काम करते, जसे 'सी फिश' म्हणजे समुद्री मासा. त्याला त्याने वेगळे, संबंधवाचक विशेषण म्हटले. नावातला स्वामित्वाचा शब्द सोडला तर हे निरीक्षण मराठीला किती तंतोतंत लागू पडते पाहा. कसब्यात तांबट आळी आहे, कागदीपुरा आहे, कुंभारवाडा आहे. यांपैकी कोठेही 'चा' नाही. तांबटांची आळी असे बोलताना म्हणता येईल, पण मग आपण आळीचे वर्णन करीत असतो, तिला नावाने हाक मारीत नसतो. 'तांबट आळी' म्हटले की तेथे अमुक तांबट राहतो असा अर्थ राहत नाही. तांबट हा त्या आळीचा प्रकार होतो. म्हणून धंदा उठून गेला, कारागीर पांगले, तरी नाव खोटे ठरत नाही. उलट गुंडाच्या गणपतीत एक विशिष्ट घराणे अभिप्रेत आहे, म्हणून तेथे प्रत्यय टिकून आहे. पुरंदरे वाडा आणि पुरंदऱ्यांचा वाडा यांतही हाच भेद आहे. पहिले पत्त्यावर लिहिण्याचे नाव. दुसरे पुरंदरे घराण्याविषयी काही सांगणारे वाक्यांश.

आता 'चा'च्या स्वरूपाकडे वळू. विभक्तीचा प्रत्यय लागलेले नाम वाक्यात लिंगवचनाने बदलत नाही. 'रामाने', 'रामाला', 'रामात' ही रूपे पुढे काहीही आले तरी तशीच राहतात. षष्ठीचे तसे नाही. रामाचा घोडा, रामाची गाय, रामाचे वासरू, रामाच्या गाईला. येथे 'रामाचा' हा शब्द 'पांढरा' या शब्दाप्रमाणे पाठच्या नामाचे बोट धरून चालतो. पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरे वासरू, पांढऱ्या गाईला. विशेषणाची जी लक्षणे आपण सांगतो ती सर्व येथे आहेत. म्हणून षष्ठ्यंत पद हे विशेषण आहे, विभक्तीचे रूप नव्हे, हा पक्ष मराठी व्याकरणात जुना आहे आणि आमच्या मते तो बरोबर आहे. त्याला आणखी एक बळकट पुरावा असा की 'चा' हा नामालाच लागतो असे नाही. कालचा पाऊस, उद्याची परीक्षा, वरचा मजला, मागची खोली, दुपारचे जेवण, घरातला माणूस, जायची वेळ. काल, वर, मागे यांना विभक्ती असते असे कोणी म्हणणार नाही. 'चा' (आणि त्याचा भाऊ 'ला', जसे 'इथला', 'घरातला') एखाद्या शब्दाला पुढच्या नामाचा विशेष बनवतो. संबंध कोणता, हे तो सांगतच नाही. ते आपण गुंड, माती, मान, कसबा या शब्दांच्या अर्थावरून ठरवतो.

इतिहासही हेच सांगतो. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'आमचे', 'तुमचे' या अर्थाची 'अम्हेच्चय', 'तुम्हेच्चय' ही रूपे दिली आहेत, आणि ती विभक्तिप्रकरणात नव्हे तर तद्धितांत, म्हणजे नामापासून नवे शब्द बनवणाऱ्या प्रत्ययांत, दिली आहेत. 'चा'ची व्युत्पत्ती 'पाश्चात्य', 'तत्रत्य' यांतील 'त्य' प्रत्ययापासून लावावी की 'कृत्य' शब्दापासून, याविषयी मतभेद आहेत; दोन्ही पक्षी मूळ शब्द विशेषणच ठरतो, हे येथे महत्त्वाचे. विभक्ती म्हणून जी खरी प्राचीन षष्ठी होती ती मराठीत दुसरीकडे दडली आहे. झ्यूल ब्लॉक याच्या 1920 सालच्या मराठी भाषेच्या जडणघडणीवरील ग्रंथापासून हे साधारणपणे मान्य आहे की 'देवा-', 'घरा-' या सामान्यरूपांच्या मुळाशी प्राचीन षष्ठी वा चतुर्थी आहे. तेव्हा 'देवाचा' या शब्दात संबंध दोनदा आला आहे, एकदा 'देवा' यात, जो आता आपल्याला ऐकू येत नाही, आणि एकदा 'चा' यात.

सर्वनामांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. 'आमचा', 'तुमचा' यांत 'च' आहे, पण 'माझा', 'तुझा' यांत 'झ' आहे. हा 'झ' प्राकृतातील 'मज्झ', 'तुज्झ' या षष्ठीच्या रूपांचा वारस आहे, आणि 'मज्झ' हे संस्कृत 'मह्यम्' या चतुर्थीपासून आले. म्हणजे ज्या शब्दाला आज आपण मालकीचा अर्क समजतो त्या 'माझा'च्या पोटात मुळात 'मला' आहे. हा केवळ ध्वनींचा योगायोग नव्हे. 'माझे' आणि 'मला' यांच्यातील सीमारेषा मराठीत कधीच पक्की झालेली नाही, आणि तेथेच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

घरचा आणि घराचा या दोन शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण इंग्रजीच्या चष्म्यातून हा भेद दिसणेच शक्य नाही. घराचे छप्पर, घराचा उंबरा, घराची किंमत. पण घरचे जेवण, घरची माणसे, घरचा अभ्यास. 'घराचे जेवण' कोणी म्हणत नाही. सामान्यरूपाला 'चा' लागला की घर ही वस्तू, तिचे भाग आणि गुण यांचा उल्लेख होतो. सामान्यरूप न करता 'चा' लागला की घर ही संस्था होते आणि पुढचे नाम तिचे अंग होते. 'घरचा माणूस' यात घर माणसाचे मालक नाही आणि माणूस घराचा मालक असेलच असेही नाही. तो त्या घराशी बांधलेला आहे, एवढेच. 'गावचा पाटील' यातही तेच. अर्थात ही रेषा सगळीकडे सारखी ठसठशीत नाही. 'गावची वेस' आणि 'गावाची वेस' दोन्ही चालतात. पण 'माहेरचा' या जागी 'माहेराचा' म्हणून पाहावे, म्हणजे कानाला जे खटकते त्यातच हा नियम आहे.

मग मालकीसाठी मराठी काय करते? ती सरळ 'मालकी' हा शब्द वापरते. 'हा वाडा त्यांच्या मालकीचा आहे' असे आपण म्हणतो. 'चा' हाच जर मालकीचा वाचक असता तर हे वाक्य पुनरुक्त झाले असते. ते तसे वाटत नाही, कारण 'हा वाडा त्यांचा आहे' याने मालकी ठरत नाही. कसब्यातील जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भाडेकरू 'आमचा वाडा', 'आमची खोली', 'आमचा जिना' असे म्हणत आले आहेत, आणि घरमालकही तो शब्द ऐकून कधी हक्काचा दावा समजत नाही. मुंबई भाडेनियंत्रण कायदा 1947 सालचा. त्याची जागा 1999 सालच्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घेतली. या कायद्यांत मालकी एकीकडे आणि ताबा दुसरीकडे असा भेद मूलभूत आहे, आणि गंमत अशी की इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'पझेशन' म्हणजे ताबा, मालकी नव्हे. व्याकरणाच्या पुस्तकातील 'पझेसिव्ह'चे 'मालकी' हे भाषांतर इंग्रजी शब्दालाही न्याय देत नाही. भाडेकरूचे 'आमचा वाडा' हे ताब्याचे, वहिवाटीचे, बहुधा जिव्हाळ्याचे विधान आहे, आणि मराठीचा 'चा' हे सर्व एका प्रत्ययात सामावून घेतो. याउलट, एखाद्या दस्तऐवजाच्या भाषांतरात मूळ इंग्रजीतील 'हिज प्रेमिसेस' चे 'त्याची जागा' करताना भाषांतरकाराने थांबून विचार केला पाहिजे. मराठीत हे पद मालकाविषयीही असू शकते आणि भाडेकरूविषयीही.

आता मुख्य तुलना. इंग्रजीत नामपदाच्या पातळीवर दोन साधने आहेत, एक 'स' आणि दुसरे 'ऑफ'. सजीवाला, विशेषतः माणसाला, पहिले अधिक मानवते, निर्जीवाला दुसरे. वाक्याच्या पातळीवर मात्र इंग्रजीत मुख्यतः एकच साधन आहे, 'हॅव' हे क्रियापद. भाऊ असोत, पैसे असोत, ताप असो, वेळ असो वा प्रश्न असो, सर्वत्र 'हॅव'. मराठीची रचना याच्या अगदी उलट आहे. नामपदात सजीव-निर्जीव असा भेद न करता तिला एकच 'चा' पुरतो. वाक्यात मात्र तिला 'हॅव' सारखे क्रियापदच नाही. तिला 'असणे' आहे, आणि ज्याच्यापाशी वस्तू आहे तो कर्ता होत नाही. तो 'ला', 'जवळ', 'कडे', 'त' यांपैकी एखाद्या चिन्हासह येतो. भेद जेथे इंग्रजी करीत नाही नेमका तेथेच मराठी करते.

आणि तो भेद बारीक आहे. 'मला दोन भाऊ आहेत', 'या वाड्याला चार दरवाजे आहेत', 'तिला लांब केस आहेत'. येथे जे आहे ते तोडून वेगळे करता येत नाही. भाऊ, दरवाजे, केस हे त्या माणसाच्या वा वस्तूच्या रचनेतच धरलेले आहेत. 'त्याला ताप आहे', 'मला शंका आहे', 'मला वेळ नाही' यांत शरीराची वा मनाची अवस्था आहे, तीही अंगाबाहेर काढून ठेवण्यासारखी नव्हे. 'माझ्याजवळ शंभर रुपये आहेत' म्हटले की ते या क्षणी खिशात वा हाताशी आहेत. 'माझ्याकडे शंभर रुपये आहेत' यात ते माझ्या राखणीत आहेत, कदाचित घरी, कदाचित दुसऱ्याने ठेवायला दिलेले. 'त्याच्यात हिंमत आहे' यात गुण आहे. आता अदलाबदल करून पाहा. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' हे वाक्य अशुद्ध नाही, पण त्याचा अर्थ भाऊ माझ्या घरी मुक्कामाला आले आहेत असा होतो. 'वाड्याकडे चार दरवाजे आहेत' याला तर अर्थच राहत नाही, निदान सुतार दरवाजे पोहोचवून गेला असल्याखेरीज. जगातील अनेक भाषांत वेगळा करता येणारा आणि न येणारा असा संबंधभेद व्याकरणात नोंदलेला असतो, असे भाषावैज्ञानिक सांगतात. मराठीत तो 'चा'मध्ये शोधणाऱ्याला सापडणार नाही. तो वाक्यात आहे. स्वामित्व हे प्रकरण षष्ठीखाली लिहून संपवल्यामुळे आपल्या व्याकरणांतून तो एकत्र मांडला जात नाही. 'ला' चतुर्थीत, 'त' सप्तमीत, 'जवळ' आणि 'कडे' शब्दयोगी अव्ययांत, असा तो तीन प्रकरणांत विखुरतो.

येथेही नाम आणि सर्वनाम यांची वागणूक सारखी नाही. 'रामाजवळ', 'रामाकडे' असे नामाला सरळ जोडता येते. सर्वनामाला आज 'माझ्याजवळ', 'तुझ्याकडे' असे 'माझा', 'तुझा' यांचे सामान्यरूप मध्ये घ्यावे लागते. जुन्या पत्रव्यवहारात मात्र 'मजजवळ', 'तुजकडे' असे लिहीत. म्हणजे सर्वनामांत संबंधवाचक विशेषण हळूहळू शब्दयोगी अव्ययाचा पाया बनले.

सर्वनामांविषयी आणखी दोनच गोष्टी. इंग्रजीच्या 'हिज' आणि 'हर' यांत फक्त मालकाचे लिंग दिसते. मराठीत 'तिचा भाऊ' म्हणताना 'ति' हे अंग बहिणीचे लिंग सांगते आणि 'चा' भावाचे. एका लहानशा शब्दात दोन लिंगे नांदतात. इंग्रजीत निर्जीवासाठी 'इट्स' हे रूप तर फार उशिरा रुळले. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात त्या जागी 'हिज' हेच आहे. दुसरी गोष्ट 'आपला' या शब्दाची, आणि ती अधिक गंभीर आहे. 'प्रत्येक मुलगा आपल्या आईवर प्रेम करतो' हे मराठी वाक्य आहे. 'प्रत्येक मुलगा त्याच्या आईवर प्रेम करतो' हेही वाक्य आहे, पण त्यात आई दुसऱ्याच कोणाची तरी आहे. इंग्रजीतील 'हिज' दोन्ही अर्थ एकत्र घेतो आणि श्रोत्यावर सोपवतो. मराठी सोपवत नाही. तरीही आजच्या वृत्तपत्रांत 'मंत्र्यांनी त्यांच्या भाषणात सांगितले' असे सर्रास छापले जाते. मंत्र्यांनी दुसऱ्याच्या भाषणात काही सांगितले असा त्याचा सरळ मराठी अर्थ. भाषांतराची ही सवय 'हिज'ला 'त्याचा' हा एकच पर्याय शिकवणाऱ्या वर्गातूनच सुरू होते, यात आम्हांस शंका नाही.

इंग्रजीचा 'स' तरी विभक्ती आहे काय? 'इंग्लंडच्या राजाची टोपी' या अर्थी इंग्रजीत 'द किंग ऑफ इंग्लंड्स हॅट' म्हणतात. येथे 'स' लागला आहे इंग्लंडला, पण टोपी राजाची आहे. ऑटो येस्पर्सन याने 1894 साली या समूहषष्ठीचा सविस्तर विचार केला आणि विभक्तिप्रत्यय म्हणून जन्मलेला 'स' संपूर्ण पदसमूहाच्या शेवटी येऊन बसणारा जवळजवळ स्वतंत्र शब्द कसा झाला हे दाखवले. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रज लेखक 'जॉन हिज बुक' असेही लिहीत. 'स' हे 'हिज'चेच संक्षिप्त रूप आहे असा त्यांतील काहींचा समज होता. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो चुकीचा होता, म्हणून नंतरच्या वैयाकरणांनी त्याची टर उडवली. पण मराठी वाचकाने हसण्यापूर्वी आपल्या पाट्या पाहाव्यात. 'श्री. अमुक यांचे दुकान', 'अमुक यांचा दवाखाना', 'लोकमान्य टिळक यांचे चरित्र'. ही 'जॉन हिज बुक'चीच रचना होय. फरक एवढा की आपल्याकडे ती गैरसमजातून आली नाही. तिला सबळ कारणे आहेत. 'फडके' याचे 'फडक्यांचा', 'भिडे' याचे 'भिड्यांचा' झाले की नाव बदलते; 'यांचा' वापरला की नाव जसेच्या तसे पाटीवर राहते. आदरार्थी बहुवचन 'यां' मध्ये येते. आणि नावाला पदव्या, हुद्दे, उपपदे यांची लांब शेपटी असली तरी शेवटी एकच 'यांच्या हस्ते' सगळा भार उचलतो. येस्पर्सनला जी समूहषष्ठी इंग्रजीचे वैशिष्ट्य वाटली तिचे काम मराठी या मार्गाने करते, आणि ते कोणत्याही शालेय व्याकरणात स्वामित्वाच्या प्रकरणाखाली सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याच विभागाच्या चर्चासत्रांत एक वाक्य वरचेवर ऐकू येते : 'माझ्याकडे एक प्रश्न आहे.' इंग्रजीतील 'आय हॅव अ क्वेश्चन' याचे ते शब्दशः रूप आहे, आणि हिंदीतील 'मेरे पास' याचेही पाठबळ त्याला असावे. पाठोपाठ 'माझ्याकडे वेळ नाही', 'माझ्याकडे एक कल्पना आहे', आणि आता 'त्यांच्याकडे दोन मुले आहेत' येथपर्यंत मजल गेली आहे. भाषा बदलते, त्याला कोणाची हरकत नाही. परंतु येथे केवळ एक शब्द जाऊन दुसरा येत नाही. अंगभूत असणे आणि जवळ बाळगणे यांतील भेदच पुसला जात आहे. प्रश्न जो पूर्वी मनाला पडत असे तो आता सामानासारखा कडे ठेवलेला असतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी या बदलाचा अभ्यास हाती घ्यावा. वयानुसार बोलणाऱ्यांचे गट करून 'ला', 'कडे' आणि 'जवळ' यांचे प्रमाण मोजावे, आणि त्यासाठी कसब्याहून अधिक सोयीची जागा आम्हांस सुचत नाही. तेथे तीन पिढ्या अजून एका जिन्यावरून चढउतार करतात. मात्र वाडे एकामागून एक उतरत आहेत, तेव्हा ध्वनिमुद्रणाचे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. भाडेकरूंच्या तोंडच्या 'आमचा वाडा' या पदाची नोंद त्याच फेरीत वेगळ्या रकान्यात करून घ्यावी.